वाचक विचारतात: लेसर, प्लाझ्मा आणि वेळेआधी पोहोचणारे इलेक्ट्रॉन

गेल्या अंकात लेसरच्या माऱ्याने ड्यूटेरियम-ट्रिटियम या जड हायड्रोजनांची गोळी दाबून संमीलन, म्हणजे फ्यूजन, कसे घडवतात यावर लेख होता. 'उष्ण इलेक्ट्रॉन ही या क्षेत्राची जुनी डोकेदुखी आहे' असे एक वाक्य त्यात ओझरते येऊन गेले, आणि बहुतेक पत्रे नेमकी त्याच वाक्यावर आली. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन आणि केंद्रके सुटी झालेला तप्त वायू, आणि उष्ण इलेक्ट्रॉन म्हणजे त्यातले सरासरीहून कितीतरी जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन. सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत. विद्यार्थ्यांनी आकडेमोड मागितली होती, तीही दिली आहे. ज्यांना ती नको असेल त्यांनी खुशाल ओलांडून पुढे जावे.

एककांबद्दल दोन शब्द. हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टला पुढे 'केईव्ही' म्हटले आहे. तापमान म्हणून एक केईव्ही म्हणजे सुमारे १.१६ कोटी केल्व्हिन. लेसरची तीव्रता 'कोटी-कोटी' वॅट प्रति चौरस सेंटिमीटर अशी मोजली आहे. एक कोटी गुणिले एक कोटी, म्हणजे १० चा १४ वा घात. या संशोधनातले व्यवहार साधारण याच पातळीवर चालतात.

प्रश्न: संमीलनाला कोट्यवधी अंश तापमान लागते असे तुम्हीच सांगता. मग इलेक्ट्रॉन उष्ण झाले तर बिघडले कुठे? ही फुकटची मदतच नाही का?

इंधन तापायला हवे ते अगदी शेवटी, आणि तेही फक्त मध्यभागी. तोवर ते जितके थंड राहील तितके कमी जोर लावून दाबता येते. सायकलच्या पंपातली हवा आधीच तापवून ठेवली तर दट्ट्या जड जातो. इथेही तसेच होते. उष्ण इलेक्ट्रॉन गोळीचे बाहेरचे कवच भेदून आतल्या थंड इंधनात शिरतात आणि दाबणे पूर्ण होण्याआधीच ते तापवतात.

किती ऊर्जेने नुकसान होते ते पाहू. लेसरची ऊर्जा १.५ मेगाजूल आणि इंधन १ मिलिग्रॅम धरा. लेसर-ऊर्जेचा केवळ हजारावा भाग, म्हणजे १.५ किलोजूल, उष्ण इलेक्ट्रॉनांनी इंधनात नेऊन टाकला. १ मिलिग्रॅम इंधनात सुमारे २.४ गुणिले १० चा २० वा घात इतकी केंद्रके असतात आणि तितकेच इलेक्ट्रॉन. भागाकार केला की प्रत्येक केंद्रक-इलेक्ट्रॉन जोडीच्या वाट्याला सुमारे ३९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात. पहिल्या धक्कालहरीने इंधनाची घनता घन सेंटिमीटरला १ ग्रॅम झाली आहे असे समजा. त्या घनतेला, तापमान शून्य असले तरी, प्रत्येक इलेक्ट्रॉनला सरासरी ८.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाळगावेच लागतात. ते पुंजभौतिकीचे किमान शुल्क आहे, त्यातून सुटका नाही. ८.४ मध्ये ३९ मिळवले की दाब साधारण साडेपाचपट होतो. बाहेरून तेवढाच जोर लावला तर अंतिम घनता जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. संमीलनाचा वेग घनतेच्या वर्गाने बदलतो, तेव्हा पुढचा हिशेब तुम्हीच करा. इंधनात उतरणाऱ्या ऊर्जेची लक्ष्मणरेषा हजाराव्या भागाच्या आसपास आखतात ती यासाठी.

मर्यादा इंधनात उतरलेल्या ऊर्जेची आहे, बाहेरच्या प्लाझ्मात तयार झालेल्या उष्ण इलेक्ट्रॉनांची नव्हे. बरेचसे इलेक्ट्रॉन गोळीला चुकवून भलतीकडे जातात, त्यामुळे तयार झालेला हिस्सा काही पट जास्त असला तरी चालतो. किती पट, यावर तज्ज्ञांचे वाद रंगतात.

हे इलेक्ट्रॉन इतके खोल शिरतात याचे कारण त्यांच्या पल्ल्यात आहे. प्लास्टिकसारख्या हलक्या पदार्थात ५० केईव्हीचा इलेक्ट्रॉन चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ मिलिग्रॅम इतका थर पार करून थांबतो. १०० केईव्हीचा थांबायला १४ मिलिग्रॅम लागतात. ऊर्जा दुप्पट झाली की पल्ला तिपटीहून जास्त वाढतो. २७ मायक्रॉन जाडीचे प्लास्टिकचे कवच भरते फक्त २.८ मिलिग्रॅम. म्हणजे साधारण ४० केईव्हीच्या वरच्या इलेक्ट्रॉनाला ते अडवूच शकत नाही.

प्रश्न: लेसरमधले फोटॉन जेमतेम साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. प्लाझ्मा दोन-तीन केईव्हीचा. मग ५०-१०० केईव्हीचे इलेक्ट्रॉन येतात कुठून?

लाटेवर स्वार होऊन. प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन जागचे हलवले की केंद्रकांच्या ओढीने मागे येतात, पुढे जातात, आणि ठरावीक वारंवारतेने हेलकावे खातात. ही वारंवारता घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. जिथे ती लेसरच्या वारंवारतेइतकी होते ती क्रांतिक घनता. तिच्या पलीकडे प्रकाश जात नाही. तरंगलांबी मायक्रॉनमध्ये घेतली तर १.१ गुणिले १० चा २१ वा घात या संख्येला तरंगलांबीच्या वर्गाने भागले की घन सेंटिमीटरमधली क्रांतिक घनता मिळते. ३५१ नॅनोमीटरसाठी ती येते सुमारे ९ गुणिले १० चा २१ वा घात.

आता नाट्य घडते ते क्रांतिक घनतेच्या बरेच अलीकडे, तिच्या चौथ्या हिश्श्यापाशी आणि त्याहून विरळ भागात. लेसरची लाट फुटून तिच्या दोन लाटा होतात. एक कमी वारंवारतेचा प्रकाश आणि एक प्लाझ्मा-लाट अशी वाटणी झाली तर ते उत्तेजित रामन प्रकीर्णन. दोन्ही भाग प्लाझ्मा-लाटाच झाल्या तर त्याला द्वि-प्लाझ्मॉन विघटन म्हणतात. प्लाझ्मा-लाटेची वारंवारता चौथ्या हिश्श्याच्या घनतेला लेसरच्या बरोबर निम्मी असते, म्हणून दुसरा प्रकार फक्त त्या अरुंद पट्ट्यात घडतो आणि पहिला तिथपासून विरळ बाजूला कुठेही. फुटलेल्या लाटा मूळ लाटेशी मिळून आणखी लाटा फोडतात. वाढ घातांकी असते. ब्रिल्वाँ प्रकीर्णनही आहे, पण त्यात प्लाझ्मा-लाटेऐवजी ध्वनिलाट तयार होते. ती फार हळू चालते, म्हणून त्यातून उष्ण इलेक्ट्रॉन येत नाहीत. प्रकाश तेवढा परत फिरतो.

प्लाझ्मा-लाटेत विद्युतक्षेत्र लाटेच्याच दिशेने असते. लाटेच्या वेगाच्या जवळपास धावणारा इलेक्ट्रॉन त्यात अडकतो आणि ढकलला जातो. म्हणून लाटेचा वेग काढला की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा अंदाज येतो. प्लाझ्मा ३ केईव्हीचा धरून दोन ठिकाणी हिशेब करू. क्रांतिकच्या दहाव्या हिश्श्याच्या घनतेला, रामनचा प्रकाश उलट दिशेने परत येत असेल तर प्लाझ्मा-लाटेचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे पाव असतो. त्या वेगाच्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा १७ केईव्ही. चौथ्या हिश्श्यापाशी वेग ०.५८ पर्यंत चढतो आणि ऊर्जा ११५ केईव्हीवर जाते. विरळ भागातले रामन प्रकीर्णन तुलनेने मवाळ इलेक्ट्रॉन देते. चौथा हिस्सा देतो ते कवच भेदणारे.

हे आकडे खुणेचे दगड आहेत. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन एका लाटेवरून दुसरीवर उड्या मारतात आणि ऊर्जेचे घातांकी उतरते वितरण तयार होते. त्याच्या उताराला 'उष्ण तापमान' म्हणतात.

यात आणखी एक गोम आहे. लाटेचा वेग इलेक्ट्रॉनांच्या सर्वसाधारण वेगाच्या जवळ आला तर लाटेला इतके प्रवासी मिळतात की ती दमून विरते. हे लँडाऊ मंदन. दहाव्या हिश्श्याच्या घनतेला ३ केईव्ही तापमान हे मंदन जोरदार करते, चौथ्या हिश्श्यापाशी ते जवळपास नसतेच. ज्या जागी सर्वांत घातक इलेक्ट्रॉन बनतात, तीच जागा सर्वांत बेलगाम! या क्षेत्रातल्या निम्म्या चर्चा याच चौथ्या हिश्श्याभोवती घुटमळतात.

प्रश्न: काचेचा लेसर मुळात अवरक्त प्रकाश देतो. तो स्फटिकांतून नेऊन अतिनील करण्यात बरीच ऊर्जा वाया जाते. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

कारण अवरक्त प्रकाशाने करून पाहिले, आणि हात पोळले. अमेरिकेत लिव्हरमोर इथे १९७७ मध्ये शिवा नावाचा वीस किरणांचा लेसर उभा राहिला. नाव खरोखरच शंकराच्या अनेक हातांवरून घेतलेले. तो १.०६ मायक्रॉनचा, सुमारे १० किलोजूल ऊर्जेचा होता. गोळ्या अपेक्षेइतक्या दबल्या नाहीत. मोठा दोष उष्ण इलेक्ट्रॉनांच्या पदरी पडला. लॉस अॅलमॉस इथे तर १०.६ मायक्रॉनचे कार्बन डायऑक्साइड लेसर वापरत होते. त्यांची क्रांतिक घनता काचेच्या लेसरच्याही शंभराव्या हिश्श्याइतकी. ऊर्जा इतक्या विरळ प्लाझ्मात उतरली की ती जवळपास सगळी मूठभर इलेक्ट्रॉनांच्याच वाट्याला गेली. तो मार्ग ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सोडून द्यावा लागला.

तरंगलांबी तिसरा हिस्सा केली की क्रांतिक घनता नऊपट होते. दाट प्लाझ्मात इलेक्ट्रॉन केंद्रकांवर वारंवार आपटतात, आणि प्रकाशाची ऊर्जा साध्या टकरींतून सर्वांना वाटून मिळते. हवे असते ते हेच: सगळे थोडे थोडे तापावेत, कोणी एकटाच सुसाट सुटू नये. शिवाय तीव्रता तीच असताना लहान तरंगलांबीत इलेक्ट्रॉनांचा हेलकावा लहान असतो, म्हणून लाटा फुटण्याचा जोरही ओसरतो.

रूपांतर दोन पायऱ्यांत होते. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या पहिल्या स्फटिकात १०५३ नॅनोमीटरच्या दोन फोटॉनांचा ५२७ चा एक होतो. दुसऱ्या स्फटिकात ५२७ चा एक आणि उरलेल्या १०५३ चा एक मिळून ३५१ चा. म्हणून पहिल्या स्फटिकाने सगळा प्रकाश बदलायचा नसतो. ऊर्जेचा दोन-तृतीयांश भागच बदलायचा, नाहीतर दुसऱ्याला जोडीदार मिळत नाही. कोन किंवा तापमान किंचित हलले तर हे प्रमाण बिघडते आणि अवरक्त प्रकाश तसाच पुढे जातो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात १९८० च्या सुमारास हे रूपांतर कार्यक्षमतेने करून दाखवले गेले. त्यानंतरचे या क्षेत्रातले बहुतेक मोठे काच-लेसर ३५१ नॅनोमीटरचे आहेत.

प्रश्न: मी द्वि-प्लाझ्मॉन विघटनाच्या उंबरठ्याचे, म्हणजे ते सुरू व्हायला लागणाऱ्या किमान तीव्रतेचे, सूत्र वापरले: तापमान केईव्हीत घेऊन ८२ ने गुणायचे, आणि उतारलांबी (प्लाझ्माची घनता किती अंतरात बदलते ते) व तरंगलांबी मायक्रॉनमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराने भागायचे. २.५ केईव्ही, १५० मायक्रॉन आणि ०.३५१ मायक्रॉनला उत्तर आले ३.९ कोटी-कोटी वॅट. पण एकेका किरणाची तीव्रता याहून पुष्कळ कमी असूनही उष्ण इलेक्ट्रॉनांची खूण असलेले कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण दिसल्याचे वाचले. सूत्र चुकते की मी?

गणित बरोबर आहे. सूत्र एका सपाट लाटेचे आणि सरळ उताराच्या प्लाझ्माचे आहे. प्रत्यक्षातली परिस्थिती तशी नसते. हे सूत्र वापरताना लोक कुठे फसतात ते सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न तीन जणांनी विचारला आहे आणि तिघांनी तीन वेगळ्या जागा चुकवल्या आहेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच किरणाची तीव्रता घेणे. गोळीवर अनेक किरण एकाच जागी पडतात. ज्या दिशेला अनेक किरणांचा सारखाच कोन होतो, त्या दिशेची एकच प्लाझ्मा-लाट ते सगळे मिळून पोसू शकतात. एकेकटा किरण उंबरठ्याखाली असला तरी एकत्रित तीव्रता त्याच्या वर जाते. म्हणून आधी एकत्रित तीव्रता काढा, आणि ती वरची मर्यादा समजा. सगळे किरण एकाच लाटेत सहभागी होत नाहीत. किरणांच्या ध्रुवणाच्या दिशाही पाहाव्या लागतात.

दुसरी चूक उलट दिशेची. निर्वात पोकळीतली तीव्रता सूत्रात घातली जाते. प्रकाश चौथ्या हिश्श्यापर्यंत पोहोचेतो त्यातला बराच भाग टकरींत शोषला गेलेला असतो. शिवाय एकमेकांना छेदणारे किरण ध्वनिलाटांच्या मध्यस्थीने आपसांत ऊर्जेची देवाणघेवाण करतात. बाहेर जाणारा प्रकाश आत येणाऱ्याची ऊर्जा पळवतो. तेव्हा तीव्रता चौथ्या हिश्श्यापाशी उरलेलीच घ्या, आणि तिथलेच तापमान, तिथलीच उतारलांबी.

उतारलांबी म्हणजे घनता साधारण २.७ पट बदलायला लागणारे अंतर. ते स्पंदाच्या, म्हणजे लेसरच्या एका झोताच्या, सुरुवातीला लहान असते, प्लाझ्मा फुगत जातो तसे वाढते. सुरुवातीचा आकडा घेऊन सगळ्या स्पंदाचा निकाल लावू नका. मोठ्या गोळीला ५५० मायक्रॉन आणि ४.५ केईव्ही धरा, उंबरठा १.९ वर येतो. तापमान वाढूनही उंबरठा घसरला, कारण उतारलांबीची वाढ त्याला पुरून उरली. लहान यंत्रावर सुरक्षित ठरलेली तीव्रता मोठ्या यंत्रावर तशीच्या तशी नेता येत नाही ती यामुळे. आणि मोठ्या प्लाझ्मात चौथ्या हिश्श्यापाशीच्या रामनचा उंबरठा आणखी भराभर खाली येतो. तो उतारलांबीच्या ४/३ घाताने घटतो आणि त्याला तापमानाचा आधार मिळत नाही. लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीवर, म्हणजे निफवर, गोळीवर थेट मारा करण्याजोग्या मोठ्या प्लाझ्मात रामनचीच खूण ठळक दिसली, लहान यंत्रांवर दिसते ती द्वि-प्लाझ्मॉनची नव्हे.

राहिली किरणातली ठिपकेदार रचना. कला-पट्टीतून (किरणाला हवा तसा पसरवण्यासाठी वाटेत ठेवलेल्या काचपट्टीतून) आलेला किरण गुळगुळीत नसतो. तो बारीक तेजस्वी ठिपक्यांचा असतो. सरासरीच्या पाचपटीहून तेजस्वी असलेले ठिपके क्षेत्रफळाने ०.७ टक्के, पण शक्तीने तब्बल ४ टक्के. सरासरी तीव्रता उंबरठ्याखाली असूनही हे ठिपके तो ओलांडतात. त्यामुळे प्रयोगात उंबरठा धारदार दिसत नाही, उतरंडीसारखा दिसतो.

प्रश्न: उष्ण इलेक्ट्रॉन दिसत तर नाहीत. मग त्यांचे तापमान आणि संख्या मोजतात कशी? आमच्या प्रयोगशाळेत लहान प्रमाणावर करायचे असेल तर काय काळजी घ्यावी?

इलेक्ट्रॉन पदार्थात थांबताना कठीण क्ष-किरण सोडतात, ते मोजायचे. वितरण घातांकी असेल तर क्ष-किरणांचा वर्णपटही जवळपास घातांकी उतरतो. वेगवेगळ्या जाडीच्या धातूच्या गाळण्यांमागे स्फुरक (क्ष-किरण पडले की चमकणारा पदार्थ) आणि जलद प्रकाशशोधक ठेवून, समजा २०, ४०, ६० आणि ८० केईव्हीच्या वरचे क्ष-किरण वेगवेगळ्या वाहिन्यांत मोजले. दोन वाहिन्यांतल्या ऊर्जेच्या फरकाला त्यांच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने भागले की तापमान मिळते. ४० आणि ६० च्या वाहिन्यांचे गुणोत्तर ०.६७ आले, तर २० भागिले ०.४, म्हणजे ५० केईव्ही. हे अर्थात धारदार कड असलेल्या गाळण्या गृहीत धरून. खऱ्या गाळणीची कड उतरती असते, म्हणून प्रत्येक वाहिनीचा पूर्ण प्रतिसाद-वक्र घेऊनच शेवटचे उत्तर काढावे.

अंशांकनात वाहिन्यांच्या गुणोत्तरात दहा टक्के चूक झाली, तर हेच उत्तर ४० ते ६६ च्या दरम्यान कुठेही जाते. जवळच्या दोन वाहिन्या घेऊन आत्मविश्वासाने तापमान छापणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. २० आणि ८० ची जोडी घेतली तर तेवढ्याच चुकीत उत्तर ४६ ते ५४ मध्ये राहते. पण लांबच्या जोडीची दुसरी अडचण: प्रत्यक्षात बरेचदा दोन गट असतात, रामनचा सुमारे २० केईव्हीचा आणि चौथ्या हिश्श्यातून आलेला १०० च्या आसपासचा. दोन टोकांना जोडणारी एकच रेघ ओढली तर मधले कुठलेतरी तापमान मिळते, जे कुठल्याच गटाचे नसते. चारही वाहिन्या एकत्र बसवून पाहा. एक रेघ बसत नसेल तर दोन तापमाने घ्या.

संख्या काढताना पदार्थ महत्त्वाचा. ५० केईव्हीचा इलेक्ट्रॉन प्लास्टिकमध्ये आपल्या ऊर्जेचा दहा हजारांत जेमतेम तीन भाग क्ष-किरणांत बदलतो, सोन्यात त्याच्या सुमारे पंधरापट. लक्ष्याचा दांडा किंवा आधाराची चकती जड धातूची असेल आणि थोडे इलेक्ट्रॉन तिकडे गेले, तर संकेत तिचाच येतो आणि तुम्ही तो लक्ष्याच्या नावावर मांडता. आधार हलक्या पदार्थाचा ठेवा. लक्ष्य न लावता, फक्त दांडा ठेवून एक मारा करून बघणे हा साधा बंदोबस्त आहे.

आणखी एक फसवणूक: इलेक्ट्रॉन निघून गेले की लक्ष्य धनभारित होते आणि मागून येणाऱ्यांना ओढून परत आणते. तेच इलेक्ट्रॉन पातळ थरातून पुन्हा पुन्हा जातात. एकदाच पार होतात असे धरून हिशेब केला तर संख्या फुगते. जाड थरावर किंवा मागे शोषक जोडून केलेले मापन अधिक भरवशाचे.

दुसरी पद्धत म्हणजे लक्ष्यात धातूचा थर पुरून त्याचा के-अल्फा, म्हणजे अणूचा सर्वांत आतला इलेक्ट्रॉन उडाल्यावर निघणारा ठरावीक ऊर्जेचा, क्ष-किरण पाहणे. तांबे सहज मिळते म्हणून अनेकांचा हात तिकडे जातो. त्याची के-कड, म्हणजे तो आतला इलेक्ट्रॉन उडवायला लागणारी किमान ऊर्जा, ९ केईव्हीला आहे. ३ केईव्हीच्या प्लाझ्माचे साधे औष्णिक क्ष-किरणही तिथवर सहज पोहोचतात आणि उष्ण इलेक्ट्रॉन नसतानाही तांबे चमकते. मॉलिब्डेनमची कड २० केईव्हीला, के-अल्फा १७.५ ला, तिथे औष्णिक शेपूट फार बारीक झालेले असते. म्हणून मॉलिब्डेनम.

लाटा कोणत्या प्रकाराच्या हे बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून कळते. ३५१ नॅनोमीटरच्या लेसरसाठी चौथ्या हिश्श्याची खूण ७०२ च्या आसपास. द्वि-प्लाझ्मॉन असेल तर तिथे जोडशिखर आणि शिवाय २३४ ला दीडपट वारंवारतेचा प्रकाश. दहाव्या हिश्श्यातला रामन प्लाझ्मा थंड धरल्यास ५१३ ला यायला हवा, पण ३ केईव्हीला तो ५६० च्या आसपास सरकतो. तापमान विसरून नुसत्या तरंगलांबीवरून घनता काढली तर ती जास्त येते. ब्रिल्वाँचा प्रकाश लेसरपासून फार तर एखादा नॅनोमीटर हटतो, म्हणून त्याला वेगळा, बारीक वर्णपटमापक लागतो. इथला नेहमीचा सापळा वर्णपटमापकातल्या, रंग वेगळे करणाऱ्या जाळीचा: ३५१ च्या भटक्या प्रकाशाचा दुसरा क्रम बरोबर ७०२ वर पडतो, आणि २३४ चा तिसरा क्रमही तिथेच. फटीपुढे ४५० च्या खालचे अडवणारी गाळणी लावल्याशिवाय ७०२ चे शिखर दिसले म्हणून आनंदू नका. २३४ पाहायचे असेल तर खिडकी आणि भिंगे सिलिकाची हवीत. साधी काच तो प्रकाश गिळून टाकते.

प्रश्न: परत फिरलेल्या प्रकाशाने लेसरचेच नुकसान होत नाही का?

होते. ब्रिल्वाँचा प्रकाश जवळपास त्याच तरंगलांबीचा आणि त्याच वाटेने परत येणारा, म्हणून काचेच्या आणि स्फटिकांच्या पृष्ठभागांवर जाणाऱ्या व येणाऱ्या प्रकाशाचा भार एकत्र पडतो. मोठ्या यंत्रांवर परतीच्या प्रकाशाची मर्यादा ठरवताना गोळीइतकाच आपल्या भिंगांचाही विचार करावा लागतो.

प्रश्न: यावर उपाय काय निघाले? निफला २०२२ मध्ये यश मिळाले, म्हणजे प्रश्न सुटला का?

त्या एका मांडणीपुरता बऱ्यापैकी आटोक्यात आला. निफवर मारा थेट गोळीवर होत नाही. १९२ किरण एका पोकळ धातूच्या नळीच्या, होलराउमच्या, आतल्या भिंतीवर पडतात आणि भिंतीतून निघालेले क्ष-किरण गोळी दाबतात. भिंत आत फुगू नये म्हणून नळीत हेलियम भरतात. २००९ ते २०१२ च्या मोहिमेत हे हेलियम घन सेंटिमीटरला सुमारे १ मिलिग्रॅम होते. पूर्ण आयनीभवन झाले की ही घनता क्रांतिकच्या तीन टक्क्यांच्या आसपास भरते, आणि भिंतीतून उडालेल्या पदार्थाने दाबली जाऊन काही जागी आणखी वाढते. किरणांना त्यातून काही मिलिमीटर जायचे असते. आतल्या कोनातल्या किरणांचा रामन प्रकाश भरपूर परत येई. ऊर्जा जाई ती जाईच, पण गोळीच्या वरच्या आणि मधल्या बाजूंवरच्या दाबाचा तोलही ढळे.

पुढे हेलियम ०.३ मिलिग्रॅमवर, म्हणजे क्रांतिकच्या एका टक्क्यावर आणले. परतीचा प्रकाश आणि उष्ण इलेक्ट्रॉन दोन्ही घटले. किंमत अशी की भिंतीला थोपवणारे फारसे काही उरले नाही. सोन्याचा फुगा आत येऊन आतल्या किरणांची वाट अडवतो. म्हणून स्पंद लहान करावा लागला, आणि लहान स्पंदाला साजेसे दाट कवच, हिऱ्याच्या स्वरूपातल्या कार्बनचे, निवडावे लागले. उरलेला तोल किरणांच्या तरंगलांबीत काही अँगस्ट्रॉमचा फरक ठेवून, त्यांच्यातल्या ऊर्जेच्या देवाणघेवाणीनेच साधतात. थेट माऱ्यात शत्रू ठरणारी देवाणघेवाण इथे कामाला जुंपली आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाजूल लेसर-ऊर्जेवर ३.१५ मेगाजूल संमीलन-ऊर्जा मिळाली, ती या तडजोडींच्या साखळीतून.

थेट माऱ्यात काम बाकी आहे. तिथे किरणाचे ठिपके हलते ठेवून सरासरी गुळगुळीत करतात, पण उष्ण इलेक्ट्रॉनांपुढे हा उपाय तोकडा पडतो. कारण वेळेचे आहे. किरणाच्या वारंवारतेत १ टेराहर्ट्झचा पसारा दिला तर ठिपके साधारण एका पिकोसेकंदात बदलतात. ५ कोटी-कोटी वॅट तीव्रतेला द्वि-प्लाझ्मॉनची लाट सुमारे ०.१३ पिकोसेकंदात २.७ पट होते. ठिपका सरकेपर्यंत सात-आठ वेळा वाढून मोकळी. लाटेला मागे टाकायचे तर वारंवारतेचा पसारा एक टक्क्याच्या वर हवा. ३५१ नॅनोमीटरची वारंवारता सुमारे ८५४ टेराहर्ट्झ असते, तेव्हा १ टेराहर्ट्झ म्हणजे तिच्या हजाराव्या भागाच्या थोडेसेच वर. इतका रुंद पसारा स्फटिकांतून तिप्पट करून नेणे हेच अवघड काम आहे, आणि रॉचेस्टरमध्ये त्यासाठी वेगळा लेसर बांधण्याचे काम हाती घेतले आहे.

लक्ष्याच्या बाजूनेही इलाज होतो. कवचाच्या बाहेरच्या थरात सिलिकॉन घातले की चौथ्या हिश्श्यापाशी तापमान वाढते, उतारलांबी घटते आणि टकरींमुळे लाटा लवकर दमतात. सूत्रातले आकडे तिन्ही बाजूंनी आपल्या बाजूला झुकतात. पण सिलिकॉन जास्त झाले, तर त्याचे स्वतःचे क्ष-किरण इंधन तापवू लागतात. थर मोजका, आणि बाहेरच्या बाजूलाच.

प्रश्न: उष्ण इलेक्ट्रॉन कधी उपयोगी पडू शकतात का?

पडू शकतात, उशिरा आले तर. धक्क्याने पेटवण्याच्या योजनेत आधी इंधन सावकाश दाबतात आणि शेवटी १० चा १६ वा घात या पातळीच्या तीव्रतेचा छोटा झटका देऊन जोरदार धक्कालहर सोडतात. तोवर कवच आकसून चौरस सेंटिमीटरला काही दहा मिलिग्रॅम इतके भारी झालेले असते. १०० केईव्हीच्या इलेक्ट्रॉनाचा पल्ला १४ मिलिग्रॅमच, म्हणून तो बाहेरच्या थरातच थांबतो आणि तिथला दाब वाढवून धक्क्याला हातभार लावतो. ३०० केईव्हीचा पल्ला मात्र ८० मिलिग्रॅमच्या पुढे जातो. तो आरपार जातो आणि पुन्हा जुनेच दुखणे सुरू होते. त्यामुळे या योजनेवर काम करणारे 'किती इलेक्ट्रॉन' यापेक्षा 'किती केईव्हीचे' हे आधी विचारतात.